देवराव गाडीत का बसला

देवराव त्या सकाळी हाक मारायला आला नाही, म्हणून मीच त्याच्या मळ्याकडे निघालो. वाटेत त्याचा मुलगा भेटला. "काका, बाबा गेले..." एवढंच म्हणाला. झोपेतच गेला. त्याला आता महिना उलटून गेला.

आसेगावच्या वेशीजवळ देवरावचा मेथी, पालक, वांग्यांचा मळा. माझं किराणा दुकान. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं, पण घराबाहेर काढलं ते देवरावनं. सुरुवातीला पुलापर्यंत जाईस्तोवर माझी छाती फुटायची. तो हसायचा. "भाऊ, गल्ल्यावर बसून बसून तुह्ये पाय पोते झाले!" चालण्याचं पळणं कधी झालं ते कळलंच नाही. वर्षभरात मी पूल ओलांडून पुढच्या फाट्याला शिवून परत येऊ लागलो. स्वतःच्या शरीरावर इतका खूश मी तरुणपणीही नव्हतो. वाशीमला अर्धमॅरेथॉन आहे, एकवीस किलोमीटर पळायचं, असं कळलं तेव्हा दोघांचंही नाव मीच देऊन टाकलं.

त्यासाठी नवे बूट घेतले. लग्नाचे कपडे जसे आपण आधी वापरत नाही, तसे तेही मी पायात घातले नाहीत. दसरा तोंडावर होता. हळदीकुंकू लावून पुजले, खोक्यात ठेवले आणि थेट शर्यतीच्या पहाटे घातले. देवरावच्या पायात मळ्याच्या चिखलात रंग हरवलेले जुनेच. माझे बूट पाहून म्हणाला, "नारळ फोडला का नाई या बुटायपुढं?"

अर्धं अंतर गेलं आणि माझ्या टाचा सोलल्या. मोजे लाल झाले. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि, खोटं कशाला सांगू, रडलो. देवराव पुढे गेला होता, तो परत आला. खाली बसून त्यानं स्वतःचे बूट काढले. आमचं माप एकच.

"घाल. ऊठ."

"अन् तू?"

"येतो न मी मागून. तू पय."

मी पळालो. एकदाही मागं वळून पाहिलं नाही... शेवटची रेघ ओलांडली, गळ्यात पदक पडलं. बऱ्याच वेळानं आयोजकांच्या गाडीतून देवराव उतरला. अनवाणी, माझे बूट हातात. ते त्यालाही चावले होते. मग जमेल तितकं तो खडबडीत डांबरावर तसाच धावला होता.

गावात पारावर माझा सत्कार झाला. कुणीतरी ओरडलं, "देवराव, तू तं गाडीत बसून मॅरेथॉन पयाला लेका!" सगळे हसले. देवरावही हसला. "हाव ना, सीट मऊ होती!" त्यानं माझ्याकडे पाहिलं की नाही, आठवत नाही. मी हार सावरत इतरांबरोबर हसलो. पुढं ते त्याला कायमचं चिकटलं. बाजारात मेथीची जुडी घेतानाही लोक विचारायचे, "आज गाडीनं आला का पायी?" तेरवीलाही कुणीतरी प्रेमानंच ती आठवण काढली, पंगतीत हशा पिकला आणि मी मान खाली घालून जेवत राहिलो.

परवा देवरावच्या बायकोकडे, सुमनवहिनींकडे गेलो आणि त्यांना तरी सगळं सांगितलं. त्या वांगी निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय, भाऊजी. तयपाय सोलून आले होते, म्याच हयद लावली. म्या म्हनलं, सांगा न लोकायले. तं म्हने, भाऊले सांगू दे. थे त्याचं सांगनं हाय."

आणि त्यांनी पुढचं वांगं उचललं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून आता छापून सांगतो. देवराव दमला म्हणून गाडीत बसला नव्हता. माझ्या पायात त्याचे बूट होते.

पळणं मी सोडलेलं नाही. फाट्याअलीकडच्या चढावर तो मला मुद्दाम बोलत ठेवायचा; बोलता येतं तोवर दम शिल्लक आहे, असं त्याचं म्हणणं. वांग्याचा भाव, नातवाच्या खोड्या, काहीही चालायचं. आता सोबत कुणी नसतं, तरी चढ लागला की मी मोठ्यानं बोलू लागतो. दूध घेऊन जाणारे मोटारसायकलवाले वळून बघतात. विषय मात्र एकच असतो... आणि तो सांगून व्हायच्या आतच मला दम लागतो.