गाडीला आतून कडी

मागचं दार आतून उघडत नाही, हे मला गाडी पहिल्यांदा पाहिली त्याच दिवशी कळलं होतं. बेकरीचा माल पोचवणारी जुनी, बंद बॉडीची गाडी. खारी-बटरचे क्रेट आत ठेवायचे आणि बाहेरून कडी सरकवायची, एवढंच तिचं काम. पावाला आतून दार उघडावं लागत नाही. ड्रायव्हरची केबिन आणि मागचा डबा यांच्या मध्येसुद्धा सबंध पत्रा. मी दाराच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला तर हाताला काहीच लागलं नाही. विचारावंसं वाटलं, पण तिथे चार माणसं उभी होती, म्हणून बोलले नाही.

आमचं काम पेणला, गणपतीच्या कारखान्यात. मी रंगाचं आणि डागडुजीचं काम करते. माझे हे तिथेच मूर्ती बांधून गाडीत भरतात, आणि सीझनला त्या घेऊन घाटावरच्या एका शहरात महिनाभर विकायला बसतात. रात्री मूर्तींच्या मागे चटई टाकून झोपतात. गेल्या वर्षी तिथेच ह्यांची साखर उतरली आणि हे मांडवात पडले. मूर्ती बघायला आलेल्या एका बाईने पाहिलं म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, आता एकटं राहायचं नाही. तेव्हा मी बरोबर जायचं ठरलं. बाईमाणूस मांडवात कसं राहणार, म्हणून ही गाडी घेतली. आत झोपायला फळ्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि एक खिडकी करायची होती.

माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. त्यापलीकडे मी कुठे राहिलेली नाही. अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. दुकानात गेले तर बाकीची गिऱ्हाइकं संपेपर्यंत कडेला उभी राहते.

गाडीचं काम रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात एका चाचांकडे दिलं होतं. चाचांनी बरीच वर्षं आखातात वेल्डिंग केलेलं. मला बघून म्हणाले, "वहिनी, तुमचा बंगला करून देतो. बाकीच्यांचे बंगले जागेवर बसतात, तुमचा फिरेल."

हे म्हणाले, "मग गॅलरी पण काढा चाचा."

दोघं हसले. मी पदर तोंडाशी धरून दाराकडे बघत राहिले.

घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, दाराला आतून कडी नाही."

"आतून कडी कशाला गो? मी हाय ना. झोपताना दोरीने बांधू. माझी गाठ सुटत नाय."

ते खरंच होतं. ह्यांनी बांधलेली मूर्ती घाट चढून जाते तरी तसूभर हलत नाही. ती गाठ सोडायला मला सुरी लागते. तेच माझ्या मनात जाऊन बसलं. रात्री ह्यांची साखर उतरली, हे घामाने भिजून पडले, आणि दाराला ती गाठ. बाहेर परक्या गावचा रस्ता. मी आतून कोणाला हाक मारणार, आणि कशी? हे चित्र भाकरी थापतानाही डोळ्यांपुढे यायचं. ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, मरायच्या आधीच रडतेस. 

त्या शुक्रवारी आम्ही सकाळच्या गाडीने रोह्याला आलो आणि माझ्या भावाची स्कूटर घेऊन अष्टमीला गेलो. ह्यांनी साखरेची गोळी घेतली होती, पण नाश्ता अर्धा टाकला होता. प्लाय मारायच्या आधी पत्रा कुठे गळतो ते बघायचं होतं. त्यासाठी एकाने खडू घेऊन आत बसायचं, दार घट्ट बंद करायचं, आणि बाहेरून दुसऱ्याने टपावर पाणी ओतायचं. अंधारात जिथे उजेडाचा ठिपका दिसेल किंवा थेंब येईल तिथे खूण करायची. मूर्तीवरची सुईएवढी भोकं मला दिसतात, म्हणून हे म्हणाले, "तूच बस."

चाचा नमाजाला गेले होते. ह्यांनी बाहेरून कडी सरकवली. मी खुणा करत गेले. टपाच्या सांध्यातून पाणी येत होतं. मग ह्यांचा फोन वाजला.

"प्लायवाला दुकान बंद करतोय जेवायला. पाच मिनिटांत आलो गो!"

"अहो, दार—" मी म्हणाले. माझा आवाज माझ्यापुरताच होता. स्कूटर सुरू झाली आणि गेली.

आधी वाटलं, येतीलच. मग पत्रा तापायला लागला. कुजलेल्या मैद्याचा गोडूस वास वर आला. घाम डोळ्यांत जायला लागला. माझा फोन पिशवीत, पिशवी चाचांच्या स्टुलावर. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. मला तो अर्धा टाकलेला नाश्ता आठवला आणि मी खडू टाकून दार ढकलून बघितलं.

तेवढ्यात बाहेर गाडीच्या सावलीत दोन माणसं येऊन बसली. बोलण्यावरून रिक्षावाले वाटले. डबे उघडल्याचा आवाज आला.

"बायकोनं परत कारलं दिलं काय रे?"

"गप जेव. तुझ्या डब्यात तरी काय हाय, कालचीच सुकट ना?"

मी बोटाच्या पेराने पत्र्यावर हळूच वाजवलं.

"आवाज आला बघ."

"उंदीर असंल. बेकरीची गाडी हाय ती."

त्याने बाहेरून पत्र्यावर जोरात हात मारला. सगळी गाडी कानात घुमली. मी कान धरून खाली बसले. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. घाबरलेली असूनही मला लाज वाटत होती. लोक जमतील, म्हणतील ह्याने बायको कोंडून ठेवलीय. 

डबे बंद झाले. "चल, दिवा-रोहा गाडी येईल आता स्टेशनात. पॅसेंजर सुटतील."

तेव्हा कळलं, हे दोघे उठले की संपलं. मी इथे आहे हे एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस अर्ध्या पोटी स्कूटर घेऊन गेलाय. मी दोन्ही मुठी पत्र्यावर आपटल्या.

"भाऊ! मी उंदीर नाय! बाय हाय मी! आत कोंडली हाय!"

 मग कडी सरकली आणि उजेड अंगावर आला. ते दोघे माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते.

"काय गो बाय, आम्ही इथं सुकट खातोय आणि तू बोलत नायस?" मोठा म्हणाला. त्याने पाणी दिलं. मी घोटभर प्याले.

"मला पुलापलीकडे प्लायच्या दुकानात न्या. माझ्या माणसाला बघायचंय."

प्लायच्या दुकानात हे फळ्यांच्या ढिगावर बसले होते. शर्ट पिळून काढावा असा भिजलेला, मान खाली. दुकानदार दाराशी उभा.

"तुमचाच माणूस काय? भरदुपारी पिऊन आलाय. मघापासून नुसतं गाडी, गाडी करतोय. स्कूटर समोर उभी हाय म्हटलं, तरी गाडीच."

"दारू नाय ती!" मी म्हणाले. रस्त्यावरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. "साखर उतरलीय. साखर आणा आधी."

रिक्षावाला धावत जाऊन चहाच्या टपरीवरून साखर घेऊन आला. मी पाण्यात कालवून ह्यांना घोट घोट पाजली. बऱ्याच वेळाने ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि माझं मनगट धरलं.

"तुला कोणी काढलं?"

मी रिक्षावाल्याकडे बोट दाखवलं. ह्यांनी अष्टमीला पोचेपर्यंत मनगट सोडलं नाही.

चाचा परत आले होते. "दार सताड उघडं, आत कोणी नाय. मला वाटलं जेवायला गेलात."

मी जमिनीकडेच बघत होते, पण बोलले. "चाचा, दाराला आतून कडी लावा. एका हाताने सरकेल अशी. आणि मधला पत्रा कापून केबिनमध्ये जायला वाट ठेवा. दोरी मला नको."

हे म्हणाले, "पत्रा कापला तर बॉडी—"

"बॉडीला मी पट्टी मारतो," चाचा म्हणाले. "वहिनी पहिल्यांदा बोलल्यात. आता नाय म्हणायची माझी तरी टाप नाय."

गाडी तयार झाल्यावर घाटावर जायच्या आधी आम्ही ती हायवेला खांब गावापर्यंत नेऊन आणली. दुपारी एका झाडाखाली उभी केली आणि आत आडवे झालो. शेजारून कंटेनर गेला की सगळी गाडी हलायची. ह्यांचा डोळा लागला. मी उठून कडी सरकवली, दार थोडं ढकललं, परत लावलं. थोड्या वेळाने परत उठले.

"उघडते ना गो?" हे डोळे मिटूनच म्हणाले.

"उघडते."

"मग झोप."

मला झोप आली नाही. ह्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कोरडं होतं. साखरेचा डबा फळीवरून काढून उशाशी ठेवला. मग परत कपाळाला हात लावला.