मधुकररावांची चौकशी

मधुकरराव भोयरांची सगळी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात गेली. लोक तारेवर आकडा टाकून वीज चोरतात आणि तपासायला येणाऱ्याला सरबत पाजतात, हे आयुष्यभर पाहिल्यावर माणसाचा सरबतावरचाही विश्वास उडतो. निवृत्तीनंतर वर्ध्यात घरी बसल्या बसल्या त्यांनी मोबाइलवर ऐकलं, की नव्या धंद्यात सुरुवातीलाच पैसे घालावेत, हिस्सा घ्यावा आणि धंद्यात जातीनं लक्ष घालावं. पैसे घालण्याबद्दल त्यांना शंका होती. लक्ष घालणं मात्र फार आवडलं.

हिंगणीच्या कुंदननं एक डबा बनवला होता. रानडुक्कर शेतात शिरलं, की डब्यावरचा दिवा पेटून गरगर फिरायचा आणि आतून वाघाची डरकाळी निघायची. हरभऱ्याला घाटे धरायच्या आत पन्नास डबे तयार करायचे, तर त्याला तीन लाख हवे होते. नाही मिळाले, तर हे सगळं गुंडाळून बुटीबोरीच्या कंपनीत पाळीवर जायचं. वर्ध्याला येऊन त्यानं डबा दाखवला, तो उत्तम चालला. इतका उत्तम, की मधुकररावांच्या मनात पाल चुकचुकली.

त्याला न सांगता त्यांनी हिंगणी गाठली आणि चहाच्या टपरीवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा कुंदन कसा पोरगा आहे हो?"

चहावाल्यानं त्यांना चपलेपासून चष्म्यापर्यंत पाहून घेतलं. "सोनं आहे जी! सुपारीले बी हात लावत नाई. पोरगी काय शिकली तुमची?"

मधुकररावांना दोन मुलगे, मुलगी नाही. पण परगावचा म्हातारा तरण्या पोराची चौकशी करतो, म्हणजे सोयरीकच. आणि गावच्या पोराचं जमत आलेलं लग्न कोण मोडेल? पिठाच्या गिरणीवर कुंदन हिरा निघाला, किराणा दुकानात देवमाणूस. ज्याच्याशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भांडण, तो शेजारीही म्हणाला, "दिवा घेऊन पाहा, असा पोट्टा भेटणार नाई."

मधुकररावांना घाम फुटला. अख्ख्या गावात ज्याच्याबद्दल एक वाईट शब्द नाही, तो काय काय लपवत असेल!

शेवटी ते थेट त्याच्या घरी धडकले. कुंदनची आई, रामबाई, गोठ्यापाशी रिकामी बादली घेऊन उभी होती. गावातली कुणकुण तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"पोरगी देऊ नका बाप्पा!" ती कडाडली. "माह्याच पोटचा आहे, पण जेवाले बोलावलं त येत नाई. थो दिवा फिरवाले माह्या मिक्सरची मोटर काढून नेली. अन् थो वाघ वरडला का माही म्हैस पान्हा चोरते. काळा चहा पिऊन राह्यलो आम्ही!"

"आणि डुकरं?"

"थे कायले येतात आता? म्हैस इथं गोठ्यात भेते, त डुकरं शेतात काऊन थांबतील?"

मधुकररावांनी वाकून म्हशीची कास स्वतः तपासली. तिनं लाथ उगारली. बादलीत त्यांनी दोनदा डोकावून पाहिलं. मग अंगणातल्या खाटेवर बसून ते समाधानानं चेक लिहू लागले.

आवाज ऐकून कुंदन हातात पाना घेऊन मागच्या खोलीतून बाहेर आला आणि चेक पाहून त्यांच्या पायाच पडला.

"ऊठ. उद्यापासून रोज सकाळी आठला मी इथं येणार. तारा कोण जोडतो, माल कुठून आणतोस, सगळं दाखवायचं. पन्नासच्या पन्नास डबे मी उघडून पाहीन. आत्ता आधी तो पाना दे इकडे."

कुंदनचा चेहरा उतरला. त्यानं केविलवाण्या नजरेनं आईकडे पाहिलं.

"भोग आता," रामबाई म्हणाली. "याच्यापरीस सासरा बरा होता."