मोठ्या आऱ्यावरचे चिंचेचे खोड

तुळजापूरच्या कचेरीबाहेर मी गेली बावीस वर्षे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि माझ्या हातचा अर्ज त्रुटी दाखवून परत आला, असे क्वचितच घडले आहे. पदवी घेतलेली माणसेही आपला मसुदा माझ्या नजरेखालून घालून नेतात. ज्या प्रसंगाविषयी येथे लिहीत आहे, त्याचा मसुदा मात्र मी मनात अनेकदा केला आणि अनेकदा फाडला.

नळदुर्गच्या अलीकडे आमचे रान आहे. तेथल्या बांधावरची जुनी चिंच वाळली, तेव्हा ती तोडण्याची परवानगी मी स्वतःच अर्ज लिहून मिळवली. त्या खोडाच्या मधोमधून एक अखंड रुंद फळी काढावी आणि तिचे लिहिण्याचे मेज करावे, अशी माझी इच्छा होती. कचेरीबाहेर बाकीचे सारे पत्र्याच्या टेबलांवर लिहितात. परंतु एवढे जाड खोड जवळपासच्या कोणत्याच गिरणीला पेलेना. अखेर महामार्गालगतच्या एका लाकूड गिरणीत मोठा गोल आरा असल्याचे समजले आणि मी ट्रॅक्टरने खोड तेथे नेले.

तसा आरा मी पूर्वी पाहिला नव्हता. पोलादाची एकच चकती, अर्धी जमिनीखालच्या खड्ड्यात, आणि वर राहिलेली अर्धीच माझ्या छातीपर्यंत येत होती. एकेक दाता अंगठ्याएवढा. तिच्यासमोर रुळांवर एक गाडा होता. त्यावर खोड साखळीने आवळायचे आणि गाडा चकतीवर ढकलायचा. ते काम पन्नाशी ओलांडलेले एक मिस्त्री करीत.

त्यांनी खोडाभोवती फेरी मारली, सालीवर ठिकठिकाणी हातोडीची मूठ आपटून पाहिली आणि मला विचारले, "काय वकीलसाहेब, ह्यात लोखंड न्हाय न्हवं? खिळा, तार, नाल?"

आता सत्य काय होते ते सांगतो. आमच्या वस्तीत कुणाला बाधा झाली, की खिळा त्याच्या अंगावरून उतरवून त्या चिंचेत ठोकीत. मी सात वर्षांचा असताना माझी जीभ शब्दाशब्दाला अडत असे. आईने मला हाताला धरून तेथे नेले होते आणि चार बोटे लांबीचा खिळा माझ्या डोक्यावरून उतरवून स्वतः ठोकला होता. पुढे झाड वाढले, सालीने सारे खिळे गिळले. बाहेरून एकही दिसत नसे.

माझ्याशेजारी दोन शेतकरी आपल्या लाकडाचा नंबर लागण्याची वाट पाहत उभे होते. त्यांतल्या एकाचा वारस नोंदीचा अर्ज मीच लिहिला होता आणि त्याने मला पाहताच राम राम घातला होता. त्याच्यादेखत मी काय सांगणार होतो?

"आमच्याकडे असले अडाणी प्रकार चालत नाहीत," मी म्हणालो.

मिस्त्री हसले. "कचेरीत काय बी लिवा, साहेब. इथं खरं सांगा. ह्या चकतीला शिक्का-सही कळत न्हाय."

"व्हय, त्येंचं अक्षर बघून तर ती लाजंल," तो शेतकरी म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो.

मोटर सुरू झाली. चकती आधी घुमली, मग तिचा आवाज इतका चढला की दातांत कळ आली. पहिली फळी पडली. आत पांढुरक्या लाकडाखाली काळसर जांभळा गाभा होता, आणि त्यात एका जागी शाई सांडावी तसा निळसर काळा डाग. मिस्त्रींनी गाडा थांबवला. डागावर बोट ठेवून माझ्या कानाशी ओरडले, "ह्ये काळं कशाचं? लोखंडाजवळ असं व्हतं."

हा दुसरा प्रश्न होता. त्या वेळी मान हलवली असती तरी पुरे होते.

"वाळल्या फांदीची गाठ असेल," मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढायला हात वर नेला; पण गाड्यावरच्या गड्याने तेवढ्यात ढकलायला सुरुवात केली होती. खणकन आवाज आला. मिस्त्री खाली बसले. चेहऱ्यावर दाबलेल्या बोटांमधून रक्त आले तेव्हा मला कळले, की दाता तुटून उडाला आहे. कुणीतरी बटण बंद केले. तरीही एवढी मोठी चकती लगेच थांबत नाही. ती बराच वेळ फिरत राहिली.

सोलापूरच्या दवाखान्यात त्यांचा उजवा डोळा काढावा लागला.

चार दिवसांनी गिरणीच्या मालकांचा मला फोन आला. मिस्त्रींनी विचारले होते का, एवढेच त्यांना हवे होते. मी म्हणालो, "विचारल्याचे मला स्मरत नाही." अर्जांत मी हे वाक्य इतरांसाठी शेकडो वेळा लिहिले आहे. ते किती सहज तोंडी आले!

महिन्याभराने एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्या मिस्त्रींच्या पत्नी होत्या.

"मालक म्हणत्यात, तुज्या नवऱ्यानं लाकूड तपासलं न्हाय, आसला माणूस आऱ्यावर नको. ह्ये म्हणत्यात, म्या दोनदा इचारलं. तेवढं लिहून द्या, साहेब."

"माझ्याकडे कुणी पाठवले?"

"ह्येंनीच. म्हणले, दुसऱ्याकडं जाऊ नगं, त्येंच्याकडनंच लिहून आण. लई चांगलं लिवता म्हणं."

पतीने आपल्याला येथेच का पाठवले, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी कागद घेतला. अर्जदाराचे नाव, विषय, महोदय, येथपर्यंत हात नेहमीप्रमाणे चालला. पुढची तीन वाक्ये लिहायला मला दोन अर्जांचा वेळ लागला. अर्जदाराला लिहिता-वाचता येत नसेल तर मजकूर वाचून दाखवायचा, हा माझा नेम आहे. म्हणून मी वाचू लागलो: मिस्त्रींनी लोखंडाविषयी दोन वेळा स्पष्ट विचारणा केली होती. खोडात खिळे असल्याचे लाकडाच्या मालकास पूर्ण ठाऊक होते. तो मालक म्हणजे सदर अर्ज लिहिणारा इसम होय.

बाई पदराशी चाळा करीत ऐकत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तुमी?"

"होय," मी म्हणालो आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली.

"मग ह्याच्याखाली माजा अंगठा कशाला?" त्या म्हणाल्या. "तुमचीच सही करा. आन् म्या नेऊन देनार न्हाय. तुमी जाऊन द्या."

मी सही केली आणि दुपारच्या एसटीने जाऊन कागद मालकांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मिस्त्रींना त्यांनी काढले नाही. परंतु चकतीसमोर आता दुसरा माणूस उभा असतो. मिस्त्री बाजूच्या पत्र्याखाली बसून दात्यांना धार लावतात, आणि धार लागली की नाही ते अंगठा फिरवून पाहतात. काही दिवसांनी जाऊन मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. हात जोडले. त्यांनी एकदा मान वळवून डाव्या डोळ्याने मला पाहिले आणि म्हणाले, "दुसऱ्यांदा इचारलं, तवा तरी सांगायचं व्हतं."

मग त्यांनी पुढचा दाता धरला आणि कानस चालवू लागले. मला बसा म्हणाले नाहीत.