मामांचा राजीनामा

आम्ही घर बदललं नाही, गल्ली बदलली नाही, साधी उशी या खोलीतून त्या खोलीत नेली नाही, तरी एके दिवशी आमचं राज्य बदललं. काल नागपूर राजधानी होती, आज भोपाळ झाली. नागपूर म्हणजे काही आमचं माहेर नव्हे, पण तिथल्या कारकुनाशी मराठीत भांडता यायचं. आता भांडायचं तर आधी व्याकरण बघावं लागे. तसं आमच्या बुऱ्हाणपुराला हिंदीचं वावडं कधीच नव्हतं. बाजारात हिंदी, घरात मराठी आणि राग आला की जी जवळ असेल ती. एकाच शब्दाचे दोन अर्थ असले तर समोरच्याच्या तोंडाकडे बघून त्यातला बरोबर तो आम्ही धरत असू. या सवयीपायी आमच्या घरातली एक निवडणूक बुडता बुडता राहिली.

माझे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, तेव्हा नगरपालिकेचे अध्यक्ष होते. गावात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता आणि त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधायला तापी ओलांडून जावं लागलं असतं. त्यांनी भाजीबाजार वेशीबाहेर हलवला होता, त्यामुळे मेथीच्या जुडीसाठी बायका भर उन्हात पायपीट करायच्या. वर त्यांनी गल्लोगल्ली नळ बसवले होते. पहिल्या नळाचं उद्घाटन आमच्याच कोपऱ्यावर झालं. मामांनी फीत कापली, तोटी फिरवली आणि नळातून ‘फुस्स’ असा आवाज आला. बस, तेवढंच आलं. पुढेही कधी दुसरं काही आलं नाही. त्या दिवसापासून मामांचा टांगा दिसला की पोरं लांबून ‘फुस्स’ करायची. मामांना वाटे, पोरं घोड्याला हाकताहेत. ते कौतुकानं हात हलवायचे.

माझे वडील सुताचे छोटे व्यापारी. मामांच्याच पक्षात, पण पक्षात वडिलांचं काम एकच, सतरंज्यांचं. सभेच्या आधी सर्वांत पहिले पोचायचं, सतरंज्या अंथरायच्या, ठिगळांची बाजू खाली गेली आहे ना ते बघायचं आणि सभा संपली की झटकून, घड्या घालून घरी आणायच्या. आमच्या माडीवर पक्षाच्या सतरंज्या रचलेल्या असत आणि त्यांच्या धुळीनं घरातल्या प्रत्येकाला खोकला होता. इतकी वर्षं भाषणं मामांनी केली, शिंका आम्ही दिल्या.

त्या वर्षी मात्र मामांनी पुन्हा उभं राहू नये असं पक्षातल्या बुजुर्गांनी ठरवलं आणि त्यांच्या वॉर्डातून वडिलांना उभं केलं. वडिलांचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. ते कुणाला काही बोलले नाहीत, पण आपला जुना कोट त्यांनी स्वतः इस्त्री केला आणि एक बाही जाळली. आयुष्यात एकदा तरी आपण सतरंजीवरून उठून खुर्चीवर बसावं, एवढीच त्यांची हौस होती. मला ती इतकी स्पष्ट दिसत होती की ते हरले तर काय होईल या विचारानं मला जेवण जात नसे.

अडचण एकच होती. मामा अध्यक्षपदावर असेपर्यंत वडिलांना मतं कोण देणार? म्हणून बुजुर्ग आमच्या ओसरीवर जमले, मामांना बोलावलं आणि हात जोडून म्हणाले, “साहेब, पक्षाच्या भल्यासाठी राजीनामा द्या आणि मतदान होईपर्यंत खकनारला तुमच्या शेतावर आराम करा.”

मामा मुळीच रागावले नाहीत. राजीनामा देणं हा त्यांचा आवडता छंद होता. दरवर्षी एकदा ते राजीनामा फेकत, सगळे पाया पडत आणि ते उदार मनानं परत घेत. त्यांनी आईनं वाढलेली पुरणपोळी संपवली, हात धुतला आणि ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं लिहून कागद पुढे सरकवला. मग कोण पाया पडतं म्हणून वाट बघत बसले. बुजुर्गांनी शाई वाळायच्या आत कागद खिशात घातला. मामा आपल्या पायांकडे बघतच राहिले.

वडील त्याच पावली टांग्यानं लालबागेतल्या रेल्वे स्टेशनावर गेले आणि तिथून भोपाळला पक्षाच्या कचेरीत तार केली. नवं राज्य, नवी कचेरी, म्हणून तार अभिमानानं हिंदीत केली: ‘अध्यक्षजी का राजीनामा हो गया. वार्ड में आनंद है.’

इथे सांगायला हवं की मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं आणि हिंदीत राजीनामा म्हणजे समेट, तंटा मिटवणं. आम्हाला दोन्ही अर्थ ठाऊक होते. कोर्टाच्या पायरीवर कुणी राजीनामा म्हणालं तर आम्ही एक समजायचो, सभेत म्हणालं तर दुसरा. पण तारेला तोंड नसतं. नागपूरला गेली असती तर तार बरोबर पोचली असती. भोपाळला गेली आणि तिथल्या साहेबांना वाटलं, बुऱ्हाणपूरच्या भांडकुदळ मंडळींनी एकदाचं आपसात जुळवून घेतलं.

उत्तर आलं: ‘राजीनामे का समाचार पाकर हर्ष हुआ. अब अध्यक्षजी के नेतृत्व में मिलकर लड़ें.’

वडिलांनी ते उभ्यानं वाचलं आणि बसले. बुजुर्ग पुन्हा ओसरीवर जमले. चूक सगळ्यांना कळली होती, पण दुरुस्त कोण करणार? सर्वांत म्हातारे होते ते म्हणाले, “आता काय भोपाळवाल्यांना सांगता, का आम्हाले हिंदी येत नाही म्हणून? आधीच ते आपल्याले परके समजतात.” मामांनी तार दोनदा मोठ्यांदा वाचली, ‘नेतृत्व’ या शब्दावर दोन्ही वेळा थांबले आणि आपला कागद त्या बुजुर्गांच्या खिशातून स्वतःच्या हातानं काढून घेतला.

“दाजी,” ते वडिलांना म्हणाले, “आता तुम्ही काही चिंताच करू नका.”

वडिलांची चिंता तिथूनच सुरू झाली.

मामा रोज सकाळी पांढरे स्वच्छ कपडे घालून टांगा घेऊन दारात हजर. पुढे भोंगा, मागे मामा आणि त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेले माझे वडील. चौकात टांगा थांबला की मामा सुरू व्हायचे, “हे नळ कोणी आणले?” लोक म्हणायचे, “तुम्हीच.” मामा खूष होऊन पुढच्या चौकात. शनवारा चौकात एका विणकरानं अगदी अदबीनं विचारलं, “साहब, नल तो आप ले आए, पानी लेने कौन जाएगा?” सगळी गर्दी हसली. मामाही हसले. टीका त्यांच्या अंगाला चिकटतच नसे. त्या बाबतीत ते अळूचं पान होते.

ज्या गल्लीत मामांचं भाषण होई, तिथल्या बायका दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलायच्या बंद होत. “तुझे बाबूजी चांगले आहे गं,” एकजण मला म्हणाली, “पण त्यांना मत दिलं तर तुझा मामाच परत येतो ना?” समोरचा उमेदवार होता सरकी-पेंडीचा व्यापारी, गोडबोल्या आणि गुळगुळीत. त्याला प्रचार करायची गरजच उरली नव्हती. तो दुकानात बसून पान खात होता.

मामांना थांबवायला वडिलांची जीभ रेटेना. बायकोचा थोरला भाऊ, त्यात इतकी वर्षं त्यांच्यापुढे सतरंज्या अंथरलेल्या. बुजुर्ग भोपाळला भीत होते. मला मामांचा इतका राग आला होता की टांग्याचं चाक काढून ठेवावं असं मनात येई. शेवटी बोलली ती आई. भावाच्या विरुद्ध एक शब्द ऐकून न घेणारी माझी आई. प्रचाराचा एकच दिवस उरला होता. मामा जेवायला बसले होते, मी वाढत होते.

“दादा,” आई म्हणाली, “तू आता बस कर. तू जिथं तोंड खोलतो ना, तिथलं मत जातं.”

मामांचा घास हातात राहिला. “कुठं?”

“सगळीकडे.”

“शनवाऱ्यात पण?”

“शनवाऱ्यात तर जास्तच.”

मामांनी घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाले, “ते पोरं फुस्स करतात, ते घोड्याला नाही करत का?”

“घोड्यानं काय बिघडवलं कोणाचं?” आई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला आत गेली. मामांनी भात मागितला नाही. इतक्या दिवसांचा माझा राग त्या ताटापुढे उभ्या उभ्या उतरला.

दुसऱ्या दिवशी टांगा आला नाही. मामा खकनारला गेले असतील असं समजून वडिलांनी मोकळा श्वास घेतला. संध्याकाळी शनवाऱ्यात सरकीवाल्याची शेवटची सभा होती. वडील आणि मी गर्दीच्या कडेला उभे राहून बघत होतो. सरकीवाला बोलायला उठला आणि तेवढ्यात मामा व्यासपीठावर चढले. सरळ त्याच्याजवळ गेले, त्याच्याच गळ्यातला एक हार काढून आपल्या गळ्यात घातला, त्याला घट्ट मिठी मारली आणि भोंग्यावर म्हणाले, “भाइयो, आज से इनका हमारा राजीनामा हो गया है. अब ये जो भी करेंगे, मुझसे पूछकर करेंगे. नलों का बचा हुआ काम भी हम दोनों मिलकर पूरा करेंगे.”

या वेळी अर्थाचा घोळ झाला नाही. सगळ्या गावानं तो एकदम हिंदीत धरला. मागून कुणीतरी ‘फुस्स’ केलं. मग सगळ्या चौकानं केलं. सरकीवाला मामांच्या मिठीतून सुटायची धडपड करत होता. मामा त्याला सोडत नव्हते आणि लोकांकडे बघून हात हलवत होते. या वेळी त्यांना ठाऊक होतं की ते घोड्यासाठी नाही.

वडिलांचा चेहरा पांढरा पडला होता. “दगा दिला शेवटी,” ते म्हणाले. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, तर आई हसायलाच लागली. हसता हसता रडली. “तो जिथं तोंड खोलतो तिथलं मत जातं, हे मीच सांगितलं त्याला,” ती म्हणाली. मग वडिलांना कळलं.

वडील निवडून आले. फार मतांनी नव्हे, पण आले. भोपाळहून तार आली. विरोधी उमेदवाराच्या व्यासपीठावर गेल्याबद्दल अध्यक्षजींना पक्षातून काढण्यात आलं होतं, आणि त्या तारेत संशयाला जागा राहील असा एकही शब्द नव्हता. बुजुर्गांनी गल्लीत दराबा वाटला. तो रवा-तुपाचा गोड पदार्थ मला एरवी प्राणाहून प्रिय, पण त्या दिवशी माझा वाटा मी गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला. आणि हेही सांगून टाकते, नळाला पाणी वडिलांच्या काळातही आलं नाही. पुढे त्यांच्या पाठीमागेही पोरं फुस्स करायची. वडील मात्र मागे वळून बघायचे आणि मान खाली घालायचे.

विजयाची सभा आमच्याच गल्लीत होती. वडील आता नगरसेवक, पण सवय कुठली सुटायला? जळक्या बाहीचा कोट घालून ते सर्वांच्या आधी सतरंज्या अंथरायला निघाले, मी मागोमाग. माडी रिकामी. बाहेर येऊन बघतो तर सतरंज्या अंथरलेल्या. कोपरे वाकडे, मधे सुरकुत्या आणि सगळी ठिगळं वर.

शेजारच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, “तुमचे मेव्हणे येऊन गेले. माडीवरून काढून नेल्या, अंथरल्या आणि गेले. खकनारची बस पकडायची होती म्हणे.”

पक्षाचा एक कार्यकर्ता सतरंजी उलटायला वाकला. वडिलांनी त्याचा हात धरला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच अंथरली आहे त्यांनी.”

सभेत वडिलांसाठी खुर्ची ठेवली होती. ते तिच्यावर बसले नाहीत. खाली एका मोठ्या ठिगळावर मांडी घालून बसले आणि तिथेच त्यांनी हार घालून घेतला.