धोंडुबाईची रवी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सोमशेखर पॅटर्न शॉपचा मिस्त्री. लोखंड ओतायच्या आधी वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा माणूस. म्हणजे, करत होता. हल्ली नमुने मशीन कापतं, तेही कसल्याशा पिवळट प्लास्टिकसारख्या मालातून, आणि सोमशेखर त्यावर नुसता पॉलिशपेपर फिरवतो. पगारात फरक नाही, त्यामुळं तक्रार करायला तोंड नाही. हात मात्र शिवशिवतात.

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा तो सायकलकडं वळला. आधी हायवेला गेला, तर उसाच्या ट्रॉल्यांनी जीव नकोसा केला. मग त्याची मुलगी शांभवी हिनं पुण्याहून कुणाची तरी जुनी ग्रॅव्हल बाईक मिळवून दिली. हँडल रेसच्या सायकलीचं, टायर मात्र जाड. खडी, मुरूम, शेण, चिखल, कशालाही ना म्हणत नाही. या सायकलीनं त्याचं डांबर सुटलं. म्हैस जाते तिथून सायकल जाते, असं त्याचं ठाम मत होतं. ते बऱ्याचदा खोटं ठरायचं आणि मग सायकल खांद्यावर घेऊन हा गडी करवंदीच्या जाळीतून बाहेर पडायचा. पण मत काही बदललं नाही.

असं भटकता भटकताच त्याला तो रस्ता सापडला. कोडोलीच्या पुढं कालव्याच्या भरावावरून मुरमाची वाट, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस. पुलापाशी कालवा सोडायचा आणि डोंगराला लागायचं. दमछाक करणारा चढ, मग वाघजाईची राई, म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं जुनं रान, आणि राईच्या पलीकडं सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, धनगरवाडा. तिथं धोंडुबाईचं घर, चार म्हशी आणि ताक. रविवारी सायकली घेऊन निघणाऱ्या कोल्हापूरच्या मंडळींत या वाटेला ‘सोमूअण्णांचा रूट’ हेच नाव पडलं. मंडळींची म्होरकी क्रांती, दातांची डॉक्टर, बोलायला फटकळ. थंडीत याच वाटेवर मोठी राईड काढायची, बाहेरगावचे लोक बोलवायचे, असं तिनं ठरवून टाकलं होतं. सोमशेखर वरवर लाजला, पण आतून पार फुलून गेला होता.

राईची शिस्त धोंडुबाईनं पहिल्याच दिवशी सांगितली होती. “चपला काढायच्या, सायकल हातानं न्यायची. आन् आतली काडीसुदिक भायर न्यायची न्हाय.” सोमशेखर दर रविवारी नव्या पोरांना हे तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगायचा.

गेल्या पावसाळ्यात राईतली जुनी बकुळ आडवी झाली. पावसाळा सरल्यावर सोमशेखर एकटाच गेला होता, तेव्हा ती पाहून तो तिथंच बसला. तांबूस, गच्च धाग्याचं, इतकं सरळ लाकूड त्यानं किती वर्षांत हातात धरलं नव्हतं. धोंडुबाईची रवी चिरली होती, सुतळी गुंडाळून ती कसंबसं घुसळायची, हेही त्याला आठवलं. वाटेत आडव्या आलेल्या फांद्या कापायला पिशवीत घडीची करवत होतीच. झाड काय आपण तोडलेलं नाही, पडलेलंच आहे. आणि रवी शेवटी राईशेजारच्या घरातच राहणार, म्हणजे बाहेर नेल्यासारखं होतच नाही. माणसाला एखादी गोष्ट करायचीच असली की डोकं किती चलाख चालतं बघा. त्यानं एक फांदी कापली, घरी नेली, सुट्टीच्या दिवशी फाउंड्रीतल्या जुन्या लेथवर फिरवली, आणि पुढच्या रविवारी गुळगुळीत नवी रवी धोंडुबाईच्या हातात ठेवली. लाकूड कुठलं, हे तिनं विचारलं नाही. यानंही सांगितलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मंडळी वर पोचली, तर ताक नव्हतं. धोंडुबाई उंबऱ्यावर बसून होती आणि खुंटीला जुनीच चिरलेली रवी लटकत होती.

“अक्का, नवी कुठं हाय?” सोमशेखरनं विचारलं.

“हंबीररावानं नेली.”

हंबीरराव म्हणजे खालच्या गावातला राईचा मानकरी. बकुळीवर करवतीचा ताजा काप त्यानं पाहिला आणि धनगरवाड्यात घरोघर फिरला. धोंडुबाईच्या घरात तांबडी नवीकोरी रवी बघितल्यावर त्याला आणखी काही विचारायचं राहिलं नाही. जत्रेला देवीला पहिलं दूध याच घरातून जायचं, धोंडुबाईच्या सासूच्या आधीपासून. तो मान यंदा काढून घेतला होता.

“मग माझं नाव का न्हाय सांगिटलं?”

“मला तवाच कळलं तुजं काम. पर नाव घेटलं असतं तर तुमची वाट बंद केली असती. माजा गुडघा असला, खाली जाणं हुत न्हाय. रविवारी तुमी पोरं येता, दंगा करता, तेवढीच माणसं दिसत्यात मला.” मग ती म्हशीकडं वळली. “मी सांगिटलं, मीच आनलं.”

उतरताना क्रांतीनं सायकल त्याच्या शेजारी घेतली. “अण्णा, चूक झाली हे खरं. पण राईड तोंडावर आलीय. ती होऊ दे, मग सांगू.”

सोमशेखर पुढं आठवडाभर गप्पच राहिला. हे काही त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं नाही. रूट हातचा जाईल याची त्याला भीती वाटत होती, सरळ भीती. फाउंड्रीत पॉलिशपेपर फिरवताना त्याला आपलीच लाज वाटायची. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नावाचं काहीतरी झालं होतं, आणि ते एका म्हातारीच्या मानावर उभं होतं. अखेर जत्रेच्या अलीकडं रजा टाकून तो खालच्या गावात गेला. दूध डेअरीच्या कट्ट्यावर सगळ्यांदेखत हंबीररावाला म्हणाला, “लाकूड मी कापलं. धोंडुबाईला ठाऊकसुद्धा नव्हतं.”

हंबीररावानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “पावणं, तुमाला राईचा नेम ठाऊक नव्हता व्हय?”

“ठाऊक होता. पडलेलं म्हणून घेतलं.”

“पडलेलं तर देवीचं जेवानच की. कुजायचं, मातीत जायाचं, त्यावर पुढची झाडं. तुमी तिच्या ताटातलं उचललं.” त्यानं एका पोराला घरी पिटाळून रवी मागवली आणि सोमशेखरच्या हातात दिली. “धोंडुबाईचा मान धोंडुबाईला. रवी तुमी सोता अनवाणी जाऊन बकुळीपाशी ठेवा. आन् हितनं पुढं राईतनं सायकल न्हाय. तुमची न्हाय, कुणाचीच न्हाय. माणसानं चालत यावं, देवी कुणाला अडवत न्हाय.”

सोमशेखरनं आपल्या हातची ती सुंदर रवी पाल्यात ठेवली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रवीसाठी की रूटसाठी, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

मोठी राईड डांबरी रस्त्यानं झाली. लोकांना ती आवडलीसुद्धा, याचं त्याला जास्त वाईट वाटलं. क्रांती त्याच्याशी धड बोलत नव्हती.

जत्रा झाल्यावरच्या रविवारी त्यानं कालव्याच्या पुलापाशी सायकलीला कुलूप लावलं आणि चालत चढ चढला. राईत बूट हातात घेतले. धोंडुबाई उंबऱ्यावरच होती. त्यानं नवी रवी पुढं केली. तिनं ती घेतली नाही.

“लाकूड कुठलं?”

“शिरोलीच्या वखारीतलं. सागवान. देवीची शपथ.”

तिनं रवी घेतली, फिरवून पाहिली, नाकाला लावली. “मान दिलास मला परत. बरं झालं. दूध मीच नेलं.” मग तिचा आवाज चढला. “पर आता ताक कुणाला पाजू? तुला कुनी सांगिटलं हुतं खरं बोलाया?”

सोमशेखर अंगणातच खाली बसला. तेवढ्यात राईच्या बाजूनं कुणीतरी काट्याला मोठमोठ्यानं शिव्या देत येताना ऐकू आलं. क्रांती होती. पाय अनवाणी, बूट नाड्यांनी गळ्यात अडकवलेले, चेहरा वैतागलेला. येऊन ती दगडावर बसली आणि तळव्यातला काटा शोधू लागली.

धोंडुबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग वाटेकडं पाहिलं. “किती जण हाईसा?”

“आज दोघंच, अक्का,” सोमशेखर म्हणाला.

“असू दे,” म्हणत धोंडुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि नवी रवी धुवायला घेतली.