कापून ठेवलेले चेहरे

देवणीत माझं फ्लेक्स बॅनरचं दुकान आहे. वाढदिवसाच्या बॅनरसाठी कुणी फोटो आणला, की मी त्यातला चेहरा कापून वेगळा करतो आणि कॉम्प्युटरवर ठेवून देतो. पुढे लागतोच. कशाला लागतो ते गिऱ्हाइकालाही कळतं, पण ते कुणी बोलत नाही. माणूस गेला की तासाभरात श्रद्धांजलीचा बॅनर हवा असतो आणि घरच्यांना नेमका त्या वेळी फोटो सापडत नाही. माझ्याकडे असतो.

मागच्या वर्षी कॉम्प्युटर फारच रखडायला लागला. बारा वर्षांचा म्हातारा तो. बटण दाबून मी दुकान झाडायचो, उदबत्ती लावायचो, चहा घ्यायचो, तरी याचं उठणं होत नसे. त्यात हार्ड डिस्कमधून कट-कट आवाज यायला लागला. लातूरचा दुकानदार म्हणाला, "एसएसडी टाका, नव्या जातीची डिस्क. लई महागातली घेऊ नका, तुमचा बोर्डच तेवढा पळत न्हाई. पण बिननावाचीबी नको. वॉरंटी बघून साधी घ्या." मी दोनशे चाळीस जीबीची घेतली. मोठी घ्यायला जीव झाला नाही. चिकटपणा हा माझा जुना रोग.

विंडोज आणि फोटोशॉप टाकल्यावर जागा उरली थोडी, आणि चेहरे इतक्या वर्षांचे. सगळे मावणार नव्हते. उरलेले जुन्या डिस्कवरच राहणार होते. मग निवडणं आलं. धंद्याच्या हिशेबानं जे लवकर लागतील ते आधी घ्यायचे. याचं डायलिसिस चालू आहे, घे. ही पायरी चढताना दम खाते, घे. हा तरणाबांड आहे, राहू दे. पंधरा-वीस चेहरे झाल्यावर माझं मलाच कळलं. यमाचा कारकून झालो होतो मी.

आणि मग वडिलांचा, अण्णांचा फोटो आला. जनावरांच्या प्रदर्शनातला, स्वतःच्या देवणी जातीच्या वळूशेजारी उभे, डोक्याला लाल पटका. तो काढला तेव्हा अण्णा म्हणाले होते, "माझ्या बॅनरवर ह्योच लाव बरं." आम्ही दोघंही हसलो होतो. आता त्यांचा खोकला दोन महिने हटत नव्हता आणि लातूरला तपासायला दिलेल्या फुफ्फुसाच्या तुकड्याचा रिपोर्ट यायचा होता.

त्या यादीत त्यांना घ्यायला माझं बोट वळेना. मोबाइलवर घेता आला असता, पेन ड्राइव्हवर घेता आला असता. पण तो फोटो जागचा हलवला तर काहीतरी घडेल, असं मनानं घेतलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आठवड्याभरात कट-कट थांबली. आधी बरं वाटलं, मग लक्षात आलं, जुनी डिस्कच मेली होती. दुरुस्तीवाल्यानं डिस्क उघडून दाखवली, आतली चकती घासून गेली होती. त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. डॉक्टरांनी अण्णांना बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं.

रिपोर्टचं मी घरी काही बोललो नाही. पण दोन-दोन गोष्टी लपवणं जमेना, म्हणून फोटो गेल्याचं सांगून टाकलं.

"मग काढ की दुसरा," अण्णा म्हणाले. "हाय अजून मी."

दुसऱ्या दिवशी पटका बांधून ते दुकानात आले आणि स्टुलावर बसले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. दोन महिने मी त्यांच्याशी भिंतीकडे बघून बोलत होतो, हे तेव्हा कळलं. गळ्याशी खड्डे पडले होते. पटका कानांवर उतरत होता. फोकस बरोबर होता, तरी मी तो फिरवतच राहिलो.

"डॉक्टरनं काय सांगितलं ते ठावं हाय मला," ते जागचे न हलता म्हणाले. "तू नीट काढ. हसू का तसाच बसू?"

"हसा, अण्णा."

हसताना त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी कॅमेऱ्यामागे तोंड लपवून उभा राहिलो.