पत्रिकेवरचा बाप

मरोळच्या गुणाजी साळव्यांना आपल्या वाचनाचा भारी गर्व. तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली, पण चर्चमध्ये उभं राहून शास्त्र वाचायला लागले की आवाज असा खणखणीत, की माइकची गरजच नाही! म्हणून यंदा डिसेंबरात पाळकसाहेबांनी त्यांच्या हाती मत्तयाचा पहिला अध्याय दिला. येशूची वंशावळ. नुसती नावंच नावं.

"एकदाही न अडखळता वाचून दाखवा बघू," पाळकसाहेब गालात हसत म्हणाले.

झालं! गुणाजी घोकायलाच बसले. चहा गार होतोय, आणि यांचं आपलं शल्तीएल, जरूब्बाबेल, अबीहूद चाललेलं. त्यांची बायको रत्नप्रभाबाई मेथी निवडत ऐकत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"चाळीस बापांची नावं तोंडपाठ केलीत. पोराच्या पत्रिकेवर एका बापाचं नाव घालायचं तर मात्र जीभ टाळ्याला चिकटते!"

वर्मी लागलं. पंधरा दिवस घरात तोच घोळ होता. जानेवारीत परेशचं लग्न, आणि परेश काही गुणाजींच्या पोटचा नव्हे. शेजारच्या मशीनवरचा प्रीतम गेला, त्याची बायको आधीच गेलेली. तेव्हा त्याच्या चार वर्षांच्या पोराला गुणाजींनी बोटाला धरून घरी आणलं, ते कायमचं. आता पत्रिकेवर परेश कोणाचा चिरंजीव म्हणून छापायचा? परेश रोज विचारी. गुणाजी रोज म्हणत, "प्रीतमचं नाव टाक. रक्ताचं नातं ते. गेलेल्या माणसाचा हक्क मी कसा घेऊ?" आणि आतून जीव नुसता तुटायचा. आपलं नाव हवं होतं हो त्यांना तिथे! पण मागतील तर शपथ.

रविवारी गुणाजी वाचायला उभे राहिले. अब्राहाम, इसहाक, याकोब... गाडी सुसाट. परक्या देशाची रूथ आली, दावीद राजा आला, बाबेलला धरून नेलेले आले. पाळकसाहेब बघतच राहिले. शेवटी योसेफ आला, आणि गुणाजी थांबले.

कारण योसेफाला मुलगा झाला असं तिथे नव्हतंच. तो नुसता मरीयेचा नवरा. तुझ्या वंशातून सगळ्या जगाला आशीर्वाद देईन, असा देवानं अब्राहामाला शब्द दिला, बेचाळीस पिढ्या सांभाळला, देशोधडीला लागलेल्यांतही तुटू दिला नाही. आणि अगदी शेवटी तो शब्द ठेवला एका सुताराच्या ओंजळीत, ज्याचं त्या पोराशी रक्ताचं काहीच नव्हतं. त्यानं पोर सांभाळलं, एवढंच. शंभरदा घोकलं होतं गुणाजींनी, पण सगळं लक्ष उच्चारांवर!

त्यांनी पानावरून मान वर करून परेशकडे बघितलं. पुढची ओळ काही केल्या निघेना. शेवटी परेश बाकावरून उठला, शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानंच ती वाचली.

उपासना सुटल्यावर आवारात गुणाजींनी त्याला गाठलं.

"परेश, ते पत्रिकेचं... माझं नाव चालेल का रे?"

"छापून आल्या, पप्पा. बुधवारीच. वर प्रीतमबाबा आणि जन्मदात्या आईचं स्मरण, आणि खाली चिरंजीव तुमचा."

"मला न विचारता?" गुणाजींनी डोळे पुसत दटावलं.

"मला घरी आणलंत, तेव्हा तुम्ही कुठे कोणाला विचारलं होतं?"